जावयाची हनुवटी

ओरिनबायनं त्या दिवशी सासरी टीव्हीसमोर नुसता चहा प्यायला असता, तर पुढचा तमाशा झाला नसता. पण जिभेला हाड नाही म्हणतात ते काय खोटं? टीव्हीवर एक मुष्टियोद्धा हनुवटीवर ठोसा खाऊन आडवा झाला आणि हा बोलून गेला, "याला हनुवटी झाकता येत नाही. सैन्यात माझ्या हनुवटीला कुणी बोट लावू शकलं नाही." (लावणार कोण? सैन्यातली सगळी वर्षं हा भटारखान्यात बटाटे सोलत होता.)

समोर सासरे, बेक्तासबाबा, बसलेले. त्यांनी उभ्या करागांडा शहरातल्या पोरांना ठोसे मारायला शिकवलेलं. ते खूश झाले.

"वा, जावईबापू! मग नौरीझच्या सणाला माझ्या क्लबात होऊन जाऊ दे. तुम्ही आणि धाकटे जावई. जिंकेल त्याच्या ताटात मेंढ्याची छाती!"

ओरिनबायनं चहाची वाटी खाली ठेवली. छातीचं मांस म्हणजे जावयाचा मान, आणि थोरला म्हणून तो आजवर त्यालाच मिळत आलेला. धाकटा जावई दुलात ट्रक चालवायचा आणि दिसायचाही ट्रकसारखाच.

"आता माघार घेऊ नका हं," घरी येताना बायको कुंदिज म्हणाली. "ती छाती दुलातच्या ताटात गेली ना, तर बहिणींत मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

सासऱ्यांनी शिकवणी सुरू केली. हनुवटी छातीला टेकवायची, मध्ये टेनिसचा चेंडू धरायचा, मुठी गालांशी. "चेंडू पडला की तुम्ही पडलात," असं त्यांनी बजावलं. ओरिनबायनं ते इतकं मनावर घेतलं की तो चेंडूसकट चहा पिऊ लागला. शहरात घरोघर नळानं गरम पाणी पुरवणाऱ्या खात्यात तो कारकून होता. तिथं त्याची खाली घातलेली मान पाहून साहेब विरघळले. "असू दे, ओरिनबाय. एवढं लावून घेऊ नकोस. चुकीची बिलं कुणाकडून जात नाहीत?" (ती बिलं यानंच पाठवली होती, हे साहेबांना तोवर नक्की माहीत नव्हतं.)

घरात तर कहर झाला. कुंदिजनं मागून खांद्याला हात लावला, तर हा गर्रकन वळून मुठी वर करून उभा!

"अहो, मी आहे! मीठ संपलंय, एवढंच सांगायला आले."

"सवय लागली पाहिजे," चेंडूवरून आवाज आला.

नौरीझच्या सकाळी कुंदिज माहेरच्या स्वयंपाकघरात मेंढ्याच्या मुंडीचा खालचा जबडा सोडवत होती, आणि घरचं मांजर तिच्या पायाशी घुटमळत होतं.

"हा कुणाला?" ओरिनबायनं विचारलं.

"कुणालाच नाही. मुंडी पाहुण्यांपुढं जाते, जबडा इथंच राहतो. तुम्ही आपला सांभाळा म्हणजे झालं."

क्लबात त्यानं खरंच सांभाळला. हनुवटी अशी खाली रोवली की दुलातला नुसता टाळूवरचा भोवरा दिसत होता. सासरे ओरडले, "शाब्बास! अस्संच!" ही शाबासकी कुंदिजनं ऐकली का, हे बघायला ओरिनबायनं मान वर केली. दुलातनं आपला अंदाज घ्यायला हात पुढं केला होता, तो अलगद हनुवटीवर लागला. पुढचं ओरिनबायला आठवतं ते क्लबाचं छत.

दुपारी छाती दुलातच्या ताटात पडली. कुंदिज नवऱ्याकडं बघेचना. ओरिनबायला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवण संपता संपता रीतीप्रमाणं बेक्तासबाबांनी परातीतलं उरलेलं मांस मुठीत घेतलं. हा वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद, तो त्यांच्याच हातून तोंडात घ्यायचा. दुलातनं आ वासून घेतला. मग म्हाताऱ्याला थोरल्याची दया आली आणि ती भरली मूठ ओरिनबायच्या तोंडाकडं निघाली.

मूठ येताना दिसली मात्र! हनुवटी खाली, डावा हात वर, फटाक! सगळा आशीर्वाद उडाला तो थेट सासूबाईंच्या डोक्यावरच्या नव्या रेशमी रुमालावर.

आशीर्वाद झिडकारणारा जावई त्या घरानं आजवर पाहिला नव्हता. कुंदिजनं डोळे मिटून घेतले.

"दाजी," धाकटी मेहुणी शोल्पान हळूच म्हणाली, "हे सकाळी कुठं ठेवलं होतं?"

आधी सासूबाई फिस्सकन हसल्या, मग अख्खी पंगत. बेक्तासबाबांनी डोळे पुसले. "काय अडवलं पोरानं! माझी मूठ अडवली! कुंदिज, तो आतला जबडा आण बघू. हं, जावईबापू, हा घ्या तुमचा मान. निदान ही एक हनुवटी तरी सांभाळून दाखवा."

कुंदिजनं जबडा त्याच्यापुढं ठेवला, आणि या वेळी ती त्याच्याकडं बघून चक्क हसत होती. ओरिनबायला भरून आलं. सासऱ्यांचे आभार मानायला त्यानं मान वर केली, आणि तेवढ्यात मांजरानं जबडा पळवला.