मेश्रामसाहेब आणि मस्टँग

कॅनडातल्या ग्वेल्फमधले आमचे शेजारी मेश्रामसाहेब कुठल्याही मस्टँग गाडीला आधी मागून भेटतात. ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये ती दिसली, की ट्रॉली माझ्या हवाली करून ते तिच्या मागच्या दिव्यांपाशी वाकतात आणि निकाल देतात, "दोन हजार दहाचं मॉडेल." मालक येतो, काही हरवलंय का म्हणून विचारतो. साहेब त्यालाच त्याच्या गाडीची माहिती देतात आणि मी ट्रॉलीतल्या दुधाकडे बघत उभा राहतो.

"भाऊ, समोरून फसवते हे. मागून पाहाचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दोन हजार पाचला कंपनीने साठच्या दशकातलं जुनं रूप पुन्हा आणलं. दहाला वळतानाचे दिवे आतून बाहेर एकेक करत पेटू लागले. अकराला इंजिन मोठं झालं, तेराला मागच्या दिव्यांमधली पट्टी काळी झाली. मला गाड्यांमधला फक्त रंग कळतो, तरी एवढं पाठ झालंय. साहेब स्वतः चालवतात ती बिस्किटी रंगाची मिनीव्हॅन.

एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते तेराच्या मॉडेलच्या माहितीपत्रकावर पेन्सिलीने खुणा करत बसले होते. मी म्हटलं, "एवढं वेड आहे तर घेऊन का टाकत नाही एक?"

"मले काय कराची? मले गाड्यांची आवडच नाही," ते म्हणाले. "माझ्या पोरीले, पल्लवीले होती. बारा वर्षांची होती तेव्हा दुसरं काही बोलतच नव्हती माझ्याशी. म्हणून शिकलो. आता ते हॅलिफॅक्सले शिकते. रविवारी फोन केला, की बोलाले काहीतरी लागते नं."

तेवढ्यात त्यांनी स्पीकरवर फोन लावलासुद्धा. साहेब सांगत सांगत काळ्या पट्टीपर्यंत आले असतील, तोच पल्लवी हळूच म्हणाली, "बाबा, आय डोन्ट रिअली फॉलो कार्स एनीमोर. सॉरी, आय शुड हॅव टोल्ड यू."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. मला त्या पोरीचा राग आला आणि लगेच तिची कीवही आली. फोन मात्र दोघांपैकी कोणीच ठेवला नाही.

"बरं," साहेब म्हणाले. "मग तू कॉलेजले कशानं जाते?"

"फेरीबोटने."

"थंडी नाही वाजत त्याच्यावर?"

वाजते म्हणाली. तरी ती बाहेरच उभी राहते म्हणाली, आणि का ते सांगू लागली. साहेब खुर्ची पुढे ओढून नुसतं "मग?" म्हणत होते. एवढ्या वर्षांत त्यांनी लेकीला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मी बूट हातात घेतले आणि आवाज न करता मोज्यांवरच बाहेर पडलो.