लग्नाच्या आदल्या दिवशीची पारूआक्का

आमच्या गल्लीतली पारूआक्का कुठल्याही लग्नाला आदल्या दिवशी जाते. मांडववाले अजून खुर्च्या उतरवत असतात. ही आहेराची साडी देते, ढीगभर कांदा चिरते आणि निघताना रिकाम्या स्टेजवर चिमूटभर अक्षता टाकून म्हणते, "पडल्या गं माझ्या." दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली नटून निघते, तेव्हा हिच्या दाराला आतून कडी असते.

तासगावात बेदाण्याच्या शेडवर आम्ही दोघी निवडायला बसतो. बायका गोल करून बसतात, आक्का भिंतीकडे तोंड करून. हात मात्र सगळ्यांत भरभर चालतो. दुकानात जायचं तर ती आधी समोरच्या लिंबाखाली उभी राहते आणि "पावशेर शेंगदाणे, पावशेर शेंगदाणे" असं घोकते. गिऱ्हाईक हटलं की जाऊन एका दमात बोलते. एकदा दुकानदारानं विचारलं, बारीक का मोठे? एवढं तिनं घोकलेलं नव्हतं. ती तशीच घरी आली. एसटीतही तेच. मधल्या फाट्यावर उतरायचं असलं तरी कंडक्टरला सांगावं लागेल म्हणून सरळ स्टँडपर्यंत जाते आणि उन्हातून मागे चालत येते. फोन वाजला की त्याच्यावर उशी ठेवते. वाजायचा थांबला की म्हणते, "गेलं बाई."

लोक तिला शिष्ट म्हणतात. म्हणू देत. शिष्ट माणसाच्या कानाच्या पाळ्या लाल होत नाहीत. हाक मारल्यावर पदराचं टोक पिळून पिळून त्याची वात होत नाही. मला हे दिसतं, कारण माझंही थोडं तसंच आहे. चारचौघांची भीती हा आजार असतो, असं मोबाइलवर एक डॉक्टरीणबाई सांगत होत्या. असेल. पण त्या भीतीला रोज अंगावर घेऊन जी शेडवर येते, दुकानात जाते, तिला भित्री म्हणायला मी तयार नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याचं लग्न झालं. मुलगी रहिमतपूरची, शीतल नाव. लग्न तिकडेच होतं. वरात संध्याकाळी यायची होती, म्हणून आक्का दुपारी आमच्या घरी पोळ्या लाटायला आली. वरात आली चार वाजताच. मागच्या दाराला मांडववाल्यानं खुर्च्यांची थप्पी लावलेली. आक्का स्वयंपाकघरात अडकली.

पुढच्या दारात शीतलची नणंद दोन्ही हात पसरून उभी. उंबऱ्यावर तांदळाचं माप. नाव घेतल्याशिवाय आत नाही. पाच-सहा मोबाइल वर झालेले. शीतलनं ओठ उघडले, मिटले. गाडीत ती उखाणा पुटपुटत होती, मी शेजारीच होते. आता नुसत्या तिच्या बांगड्या वाजत होत्या. माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, म्हणाल्या की पोरगी बी.कॉम. झालीया असं सांगितलं होतं, बोलाय येतंय का न्हाई ते इचारायचं राहिलं. मांडवातून कुणी तरी ओरडलं, "मुकी आणली काय रं?" सगळे हसले. शीतलच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी मोबाइल खाली झाले नाहीत.

तेवढ्यात पिठाच्या हातांनी आक्का गर्दीतून पुढं आली. कान लालभडक. तिनं नणंदेचा हात धरून खाली केला. नणंदेच्या मनगटावर पिठाची पाच बोटं उमटली.

"न्हाई घेत ती नाव."

"अगं आक्का, रीत हाय," जाऊबाई म्हणाल्या.

"माप वलांडून घरात येनं ही रीत. जीव घशाशी आनायची कसली रीत? ये गं बाई. उजवा पाय टाक."

शीतलनं पाय टाकला. तांदूळ सांडले आणि ती आत आली.

"तू कवा बोलाय शिकलीस?" जाऊबाईंनी विचारलं.

"आत्ता," आक्का म्हणाली.

मग ती तशीच पुढच्या दारानं, सगळ्यांच्या मधून बाहेर गेली. मी मागोमाग गेले. घरामागं हौदापाशी ती हात धूत होती. तांब्या इतका हलत होता की पाणी हातावर कमी आणि पायावर जास्त पडत होतं. मी तांब्या घेतला आणि पाणी घालू लागले.

"मला उंबऱ्यात दिवस मावळंपतूर उभं केल्तं," ती म्हणाली. "न्हाईच आलं नाव तोंडात. शेवटी सासऱ्यानं आत घेतलं. ह्यांनी कवा टाकून बोललं न्हाई. एकदाच म्हनले, तुझ्या तोंडानं माझं नाव कसं लागतंय, तेवढं ऐकायचं हुतं."

तिचा नवरा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मांडवात बँजो सुरू झाला होता. आक्कानं पदराला हात पुसले, इकडं तिकडं बघितलं. मी होते, पण माझं तिला काही वाटत नाही.

"दगडू," ती हळूच म्हणाली.

मग म्हणाली, "बरं लागतंय की."