शेवट आधी सांगणारे श्रीनिवासराव

आमचे शेजारी श्रीनिवासराव भुताचे सिनेमे बघतात ते सकाळी अकराला, भाजी निवडत. त्यातही त्या सिनेमाला एखादं मोठं बक्षीस मिळालेलं असावं लागतं. श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात त्यांची हयात तयार माल तपासण्यात गेली. "बक्षीस म्हणजे पास झाल्याचा शिक्का," ते म्हणतात. "शिक्का नाही त्या भुतास आमच्या घरी येणें नाही."

हे कुटुंब मूळचं तंजावरकडचं. मी नोकरीसाठी सोलापूरहून इकडे तमिळ मुलखात, गिंडीला आलो, तेव्हा त्यांचं हे जुनं, तमिळ सुरातलं मराठी ऐकूनच मी त्या घरात रमलो.

रावांची एक खोड मात्र जीव नकोसा करते. ते शेवट आधी सांगतात. आपण हौसेनं गाजलेला रहस्यपट लावावा, तर नावं संपायच्या आत राव म्हणणार, "पडम" (म्हणजे सिनेमा) "फार चांगलें. खून डाक्टराने केला." एकदा लिफ्टमध्ये एका अनोळखी बाईंच्या मोबाइलवर चाललेल्या सिनेमात डोकावून त्यांनी "त्या माळ्याचा भरवसा धरू नका" असं तमिळमध्ये बजावलं. बाई मधल्याच मजल्यावर उतरून जिन्यानं गेल्या.

मी वैतागलो की त्यांच्या पत्नी पद्माबाई हसतात. "माझ्यामुळें लागली ती सवय. नव्या लग्नांत मज भय फार. म्हटलें, शेवट ठाऊक असेल तरच येते. मग हे आधी एकटे बघून येत, सगळें सांगत, आणि मग मज नेत."

गेल्या महिन्यात पद्माबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. त्या आठवड्यात रावांनी टीव्ही लावलाच नाही. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मीच दोघांना गाडीनं इस्पितळात नेलं. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं, तेव्हा बाईंनी नेहमीच्या सुरात विचारलं, "बरें, शेवट काय?"

जगभरच्या बक्षीसपात्र भुतांसमोर गवार मोडत बसणारा हा माणूस तिच्या अंगावरची चादर उगाच पुन्हा पुन्हा नीट करत राहिला. मला बघवेना.

"हें मी बघितलें नाही, पद्मा," ते कसेबसे म्हणाले.

"असूं द्या," बाई म्हणाल्या. "या खेपेस मी आधी बघून येते. मग तुम्हांस सांगते."

रावांनी माझा हात घट्ट धरला. दार बंद झालं तरी सोडला नाही.