माझं आजोळ, दाताचा दवाखाना

माझी माहिती जगात कुणाला चोरता येणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. आपली सगळी नोकरी गोदामाच्या किल्ल्या सांभाळण्यात गेली, एक खिळा इकडचा तिकडे झाला नाही. मग स्वतःच्या फोनमधलं सामान मी उघड्यावर ठेवीन होय? पासवर्ड दर महिन्याला बदलायचा. आणि फोनच्या कंपनीने खाजगी प्रश्न विचारले, की चक्क खोटी उत्तरं ठोकून द्यायची. माझं आजोळ कुठलं याच्याशी त्यांना काय करायचंय?

माझ्या आईची अंगाई आमच्या हिने आपल्या फोनवर रेकॉर्ड केली होती. आई गेल्यावर मी तीही माझ्या ऑनलाइन खात्यात नेऊन कुलपात घातली आणि हिच्या फोनमधून पुसून टाकली. सुरक्षितता म्हणजे सुरक्षितता! ऐकली मात्र कधीच नव्हती. धीर होत नव्हता.

परवा दुपारी लेकीचा हिच्या फोनवर फोन आला. नुकतीच बाळंत झालीय. मागे बाळाने घर डोक्यावर घेतलेलं.

"बाबा, सगळं करून बघितलं, झोपतच नाहीये. आजीची अंगाई लावा ना. मीही तिच्यावरच झोपायचे."

"आत्ता लावतो. फोन ठेवू नकोस."

माझा फोन नवा होता. त्याने पासवर्ड मागितला. या महिन्याचा आठवेना, मागच्या महिन्याचा चालेना. मग पडद्यावर कंपनीचा एआय मदतनीस अवतरला. विमा विकायला आल्यासारखा गोड बोलत होता.

"काळजी करू नका. तुमचं आजोळ कुठलं?"

मी खरं उत्तर दिलं.

"क्षमस्व, हे उत्तर चूक आहे."

"अरे, माझं आजोळ मला माहीत की तुला?"

"तुमची नाराजी मी समजू शकतो. आणखी दोन संधी आहेत. त्यानंतर खातं कायमचं बंद होईल."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की इथे आपण थाप मारली होती. पण कुठली? सुचलं ते एक लांबचं गाव ठोकून दिलं.

"क्षमस्व. आता शेवटची संधी."

तिकडे बाळ रडत होतं, इकडे मी रडायच्या बेतात.

"अगं, आईचा आवाज घालवला मी. आजोळ म्हणून काय थाप मारली होती, तेच आठवत नाही," मी हिला म्हणालो.

हिने ओले हात पदराला पुसले आणि फोन ओढून घेतला.

"थापच मारलीय ना? मग सोपं आहे."

आणि हिने लिहिलं, 'दाताचा दवाखाना'.

"अगं बाई, आजोळ विचारतोय तो!"

खातं उघडलं.

मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"अहो, घरात काम निघालं की तुमचा दात दुखतो. दुसरी थाप तुम्हाला सुचते कुठे? बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत. पत्ते कुटायला जाता, ठाऊक आहे मला."

मी गुपचूप अंगाई लावली. आईचा आवाज थोडा घोगरा, पण तोच. दोन ओळींत बाळाचं रडणं कमी झालं, चौथ्या ओळीला थांबलं. अंगाई संपली तरी रेकॉर्डिंग चालूच होतं. आई विचारत होती, "हा कुठे गेलाय गं?"

"दाताच्या डॉक्टरकडे," हिचा आवाज.

"पत्ते खेळायला दात कशाला लागतात?" आई हसली. मग हळूच म्हणाली, "त्याला बोलू नकोस हं काही. ओशाळेल बिचारा."

रेकॉर्डिंग संपलं.

"झोपलं बाळ," लेक कुजबुजली. "बाबा? तुम्ही रडताय का?"

"छे गं," मी म्हणालो, "दात दुखतोय."