पार्किंगमधला गांबिया

मतदानाच्या दिवशी सायकलची घंटी वाजवणारा माणूस लोकशाहीचा शत्रू असतो, असं आमच्या भानुदासकाकांचं ठाम मत आहे. म्हणून पुंडलिकनगरातल्या आमच्या बिल्डिंगचा अध्यक्ष निवडायचा होता, त्या रविवारी त्यांनी सकाळीच पान्हा घेऊन पार्किंगमधल्या झाडून सगळ्या सायकलींच्या घंट्या काढल्या. कोपऱ्यावरच्या मारुतीच्या घंटेला फडकं गुंडाळलं. दूधवाल्याला गेटबाहेरच अडवलं.

"काका, त्या बिचाऱ्याचा काय दोष?" मी विचारलं. बिल्डिंगची सेक्रेटरी मी, त्यामुळे असले प्रश्न विचारणं माझ्याकडेच येतं.

"त्याची घंटी वाजली अन् तुम्ही ती मत म्हनून धरली तर? गांबियात इलेक्शनच्या दिवशी बूथजवळ सायकल फिरकू देत नायत, मॅडम."

गांबिया हा पश्चिम आफ्रिकेतला चिंचोळा देश. नकाशात बोट ठेवलं तर बोटाखाली दडतो. पण काकांच्या बोलण्यातून तो हटत नाही. काका चितेगावच्या एका कंपनीत फिटर होते. कंपनी तेलघाण्याची यंत्रं बनवायची, आणि गांबियात भुईमूग लई. यंत्र बसवायला काकांना तिकडे पाठवलं, आणि नेमकी तेव्हाच राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली. माणसं परदेशातून अत्तर आणतात, चॉकलेट आणतात. काका निवडणूक घेऊन आले.

"पक्ष बक्कळ, उमेदवार बक्कळ. पर प्रत्येकाचा येक ड्रम. पक्षाच्या रंगानं रंगवलेला, वर फोटू. मतदाराच्या बोटाला शाई, हातात येक गोटी. पडद्याआड जायचं, पायजे त्या ड्रमच्या नळीत गोटी सोडायची. आत घंटी. टन्! मत झालं. दुसऱ्यांदा वाजली की पकडला चोर."

"आणि गोट्या एकमेकींवर आपटून वाजल्या तर?"

"तळाला भुसा टाकतेत." काकांना असे प्रश्न फार आवडतात. "मतदान संपलं की तिथंच, सगळ्या पक्षांच्या मानसांसमोर ड्रम उपडे. भोकंभोकांच्या ट्रेमदी गोट्या लावायच्या. भोकं भरली की मोजनी झाली. ज्याच्या गोट्या जास्त तो पाच वर्सं राष्ट्राध्यक्ष. दुसरी फेरी नाय, काय नाय."

हे मी इतक्या वेळा ऐकलंय की उद्या गांबियात बदली झाली तर बूथ सांभाळू शकेन.

आजवर आमचा अध्यक्ष हात वर करून निवडला जायचा. निवडून यायचे देशमुखसाहेब, कारण हात वर होताना ते प्रत्येकाकडे निरखून बघायचे. यंदा तिसऱ्या मजल्यावरच्या बोरसेवहिनी उभ्या राहिल्या. जिन्याला वरपर्यंत कठडा लावते, एवढंच त्यांचं आश्वासन. आणि तिसरे उमेदवार भानुदासकाका. त्यांचा जाहीरनामा सगळा गांबियाचा, बिल्डिंगचं त्यात नाव नाही. पाण्याच्या टाकीचं काय, असं कुणी विचारलं की "आदी मतदान नीट व्हऊ द्या" असं उत्तर यायचं.

आधीच्या मीटिंगमध्ये काकांनी गोट्यांची पद्धत सुचवली, तेव्हा देशमुखसाहेब म्हणाले, "काय पोरखेळ लावलाय! हात वर करा, दोन मिनिटांत मोकळे व्हा."

"हात वर केला की शेजाऱ्याला दिसतंय," काका उठून उभे राहिले. "दिसलं की ते मत ऱ्हात नाय साहेब, हाजिरी व्हती."

लोक हसले, पण काका बसले नाहीत. ते उभेच आहेत म्हटल्यावर चहाही कुणाला घेववेना. अखेर कंटाळून सगळ्यांनी होकार दिला.

मग काका मला शहागंजात घेऊन गेले. गोट्यांची पिशवी बघून दुकानदार म्हणाला, "इत्त्या गोट्या? बच्चे कित्ते हैं चचा?"

"बच्चे नही," काका गंभीरपणे म्हणाले, "सब मतदार हैं. अठरा के ऊपर."

पुढचा आठवडाभर त्यांच्या घरातून ठोकाठोकी ऐकू येत होती. शेजारीपाजारी माझ्याकडे तक्रार घेऊन यायला लागले. ट्रे म्हणून काकांनी अंड्यांचे ट्रे आणले, तेव्हा तर "आमची मतं त्यात ठेवणार नाही" असा निरोप शाकाहारी मजल्यावरून आला. मी वैतागून खाली गेले. म्हटलं, "काका, पुरे आता. साध्या कागदाच्या चिठ्ठ्या करू."

काका जमिनीवर बसून एका ड्रमला सुतळी गुंडाळत होते. दुसऱ्याला गोधडीचा तुकडा बांधला होता, तिसरा मोकळा. ते स्वयंपाकघराकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "चिठ्ठी वाचायची कुनी, मॅडम?"

आत कौसल्याकाकू चाचपडत भांडी लावत होत्या. साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली, त्याला आता काही वर्षं झाली.

"इलेक्शनला मी हिच्या संगं आत जातो. ती कानात नाव सांगती, मी बटन दाबतो. दर टायमाला माझ्याच पक्षाचं नाव. आता तुमीच सांगा, ते तिचं मत व्हतं का माझं?" त्यांनी सुतळीची गाठ करकचून आवळली. "येकदा तरी तिला येकटीला जाऊ द्या आत. ड्रमला हात लावून कळंल तिला, कोन कुठला ते."

मी खाली बसले आणि दुसऱ्या ड्रमच्या गोधडीची गाठ आवळायला घेतली. त्या दिवसापासून मी पक्की गांबियाच्या बाजूची.

रविवारी काकू नवं लुगडं नेसून आल्या. मी त्यांच्या हातात गोटी दिली आणि पडद्यापाशी सोडलं. काका पार पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आत बराच वेळ शांतता. मग टन्! काकांचे खांदे एकदम सैल पडले. काकू बाहेर आल्या, तेव्हा नुकतंच लग्न ठरलेल्या मुलीसारख्या लाजत होत्या.

संध्याकाळी सगळ्यांसमोर ड्रम उपडे केले. बोरसेवहिनी दणक्यात निवडून आल्या. देशमुखसाहेबांचा अर्धा ट्रे भरला. काकांच्या ड्रममधून भुसा निघाला आणि एक गोटी.

लोक पांगल्यावर मी भुसा गोळा करू लागले. म्हटलं, "काका, निदान काकू तरी तुमच्या बाजूनं राहिल्या."

"ती गोटी माझी हाय, मॅडम."

मी मान वर केली. काका हसत होते. हरलेला उमेदवार इतका खूश मी आजवर पाहिलेला नाही.

"तिला सांगू नका बरं का," ते म्हणाले. "कळलं तर पुढच्या येळी परत माझ्यासाठीच टाकंल."

रिकामे ड्रम ठेवायला आम्ही त्यांच्या घरी गेलो. काकू दारातच उभ्या होत्या. "काय झालं हो?"

"पडलो. येकच गोटी निघाली."

काकू पदर सारखा करत म्हणाल्या, "मंग ती माझीच. दुसरं कोन देतंय तुमाला?"

"व्हय की," काका म्हणाले, "तुझीच."