धवलारिणीचा गळा

ठमाबाईच्या गळ्याला गाठ आली आणि कळव्याच्या आगरी पाड्यात सगळ्यात आधी झोप उडाली ती काळुरामाची. त्याच्या लेकीचं, शेवंतीचं, लग्न तोंडावर आलं होतं, आणि ठमाबाई पाड्याची धवलारीण. तिने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय जात्यात हळद पडायची नाही की मांडवाचा खांब उभा राहायचा नाही. भट उशिरा आला तर चालत असे, ठमाबाई उशिरा आली तर नाही.

"पाव्हनं काय बोलतील? आजारी बायचे गान्यानं हलद लावली?" काळुराम म्हणाला. "काकी, बरी हो बाय. नायतर मना दुसरी धवलारीन बघाया लागंल."

ठमाबाईने पदर गळ्यावर ओढून घेतला. काळुरामाच्या स्वतःच्या लग्नातही तीच गायली होती. पाड्यात तिला मान होता तो गळ्यामुळे. तो मान गेला की आपण नुसती एक म्हातारी उरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचीच तिला मरणापेक्षा जास्त भीती वाटत होती.

दिराला, म्हणजे पंढरीला, घेऊन ती होडीने खाडी ओलांडून ठाण्याला इंग्रज सरकारच्या दवाखान्यात गेली. पंढरी तसा माणूस वाईट नव्हे, पण कुठेही जाऊन आला की शहाणा होऊन यायचा, तेवढी एक खोड.

डॉक्टरांनी तिचा गळा चाचपला आणि पाण्याचा पेला पुढे केला. "घोट घ्या बाई. आता गिळा."

गाठ पाण्याबरोबर वर गेली आणि खाली आली.

"गलगंड आहे. तीन वाटा आहेत," डॉक्टर म्हणाले. "हे लाल मलम लावून गळ्यावर ऊन घ्यायचं. नाहीतर कापून काढायची, पण त्यात जिवाला धोका आहे आणि आवाजाची खात्री मी देणार नाही. नाहीतर आहे तशी राहू द्यायची."

"कापाचं नाय," ठमाबाई म्हणाली आणि मलमाची डबी तिने ओच्यात खोचली. मग डॉक्टर स्वतः पाणी प्यायले, तेव्हा ती त्यांच्या गळ्याकडे बघत होती.

संध्याकाळी काळुरामाच्या ओट्यावर पंढरीचं व्याख्यान सुरू झालं. "परीक्षा लय सोपी. पानी पाजाचं. गल्यात काय वर-खाली झालं, का समजाचं गलगंड."

काळुरामाने गंमत म्हणून तांब्या तोंडाला लावला. माणूस काटकुळा, त्याचा कंठमणी विहिरीतल्या पोहऱ्यासारखा वर आला आणि खाली गेला. ओट्यावरचं हसणं थांबलं. मग पंढरीने स्वतः पाणी पिऊन दाखवलं, केवळ आपल्याला काही नाही हे सिद्ध करायला. त्याचंही तेच झालं. दिवे लागेपर्यंत पाड्यात एक बाप्या धड उरला नाही. बायकांनीही पाणी पिऊन पाहिलं, पण त्यांच्या गळ्यात काही दिसेना.

"बाप्यांचाच आजार हाय त्यो," पंढरीची बायको बायजा म्हणाली. तिला फारसं दुःख झालेलं दिसलं नाही.

ठमाबाई कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. मलम मागितल्यावर एवढंच म्हणाली, "माझे गाठीपुरतं हाय." मग मलमाशिवाय नुसतं ऊन तरी घ्यावं असं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून मिठागराच्या बांधावर पुरुषमंडळी हनुवट्या आभाळाकडे करून ओळीने बसू लागली. मीठ ओढायचं काम बायकांवर आलं. पण डॉक्टर आवाजाबद्दल बोलले होते म्हणून पंढरीने पुरुषांना बोलायचीही बंदी केली होती, त्यामुळे बायकांनी कामाची तक्रार केली नाही. घराघरांत इतकी शांतता त्यांनी लग्न झाल्यापासून अनुभवली नव्हती.

हळदीच्या दिवशी कल्याणकडून नवऱ्यामुलाचे वडील दामाजी चार माणसं घेऊन आले. येताना त्यांनी बांधावरची ती ओळ पाहिली होतीच.

"ह्ये काय चाललंय, इवाय?" दामाजींनी व्याह्याला विचारलं.

"गलगंड," काळुराम कुजबुजला. "समद्यांना."

दामाजी दोन पावलं मागे सरकले. "आसले गावची पोरगी आमचे घरात नको. सोयरीक मोडली समज."

दारात शेवंती हळकुंडांचं सूप घेऊन उभी होती. तिचा चेहरा पार उतरला. ठमाबाईने तिच्याकडे पाहिलं, उठली आणि तांब्या दामाजींच्या हातात दिला. "उन्हातून आलाव. पानी त प्या."

दामाजी प्यायले. सगळा पाडा त्यांच्या गळ्याकडे बघत होता. त्यांचा हात हळूच आपल्या मानेवर गेला, आणि सोबतची माणसं त्यांच्यापासून जरा लांब सरकली.

"भिऊ नका," ठमाबाई म्हणाली. "बाप्याचे गल्यात हाड असतंय, ते हलतंच. डाक्तर पानी पेला, तवा त्याचंबी हललं. मना तवाच कललं."

दामाजींनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि सोयरीक मोडल्याचं आपण बोललोच नव्हतो अशा थाटात पानसुपारी मागितली. काळुराम मात्र तापला. उन्हाने त्याची मान भाजून निघाली होती.

"मंग सांगलं का नाय, काकी? एवरे दिस आमी उनात बसलू!"

"तुमी समदे आजारी व्हताव, तवर मना कोन आजारी बोललं नाय," ठमाबाई म्हणाली. "मी एकटीच असती, त तू दुसरी आनली असतीस."

काळुराम भाजलेली मान चोळू लागला. शेवंतीने सूप बापाच्या हातात दिलं, जात्यापुढे पाट मांडला आणि ठमाबाईला हात धरून बसवलं. ठमाबाईने धवला धरला. आवाज जाड येत होता. दुसऱ्या ओळीला तो फाटला आणि ती थांबली. कुणी काही बोलायच्या आत बायजाने ती ओळ उचलली, मग साऱ्या बायांनी, आणि ठमाबाईला दम येईपर्यंत त्या तीच ओळ गात राहिल्या.