बिनदाराचं पॅडल कोर्ट

माझ्या नकाशात चूक काढणारा अजून जन्माला यायचाय, असं मी त्या सकाळी बायकोला ठणकावून सांगितलं. तिने चष्मा पुसला आणि लाल पेन्सिल हातात घेतली.

आमच्या ऑफिसात आम्ही दोघंच. मी नकाशे काढतो, ती तपासते. पहिल्यांदाच मोठं काम आलं होतं, एका क्लबासाठी पॅडलचं कोर्ट. पॅडल म्हणजे पेटीत शिरून खेळायचं टेनिस समजा. वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद, चौफेर काच आणि जाळी. हे काम हातचं गेलं तर ऑफिसला कुलूप लावून दोघांनाही परत नोकरी धरावी लागणार होती.

"अहो, मला यात एक गोष्ट..."

"तू फक्त लिहिलेले आकडे तपास. डिझाइन माझ्यावर सोड."

ती गप्प बसली. लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मला वेळेवर कळत नाही. मी खुशाल आंघोळीला गेलो. परत येऊन बघतो तर प्रत्येक आकड्यावर बरोबरची लाल खूण, कागदाला जणू गोवर उठलेला. मी खूश!

अकराला क्लबचे अध्यक्ष आले. सत्तरीचे गृहस्थ, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. त्यांनी नकाशाच्या कडेकडेने बोट फिरवलं. एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं.

"छान आहे. पण आत कुठून जायचं?"

मी वाकून पाहिलं. वेळ वाचवायला मी एकच कोपरा काढून तोच चारही बाजूंना उलटवला होता. दार येतं मध्यावर, नेटपाशी. ते राहूनच गेलं होतं.

आता "चुकलं" म्हणायचं की नाही? पण जीभ आमची, ती कुठे ऐकते!

"मुद्दामच ठेवलं नाही, साहेब. नवी पद्धत आहे. दार आलं की बिजागऱ्या आल्या, कडीकोयंडा आला. आत जायचं ते वरून, शिडीने."

वाटलं, हसतील आणि विषय मिटेल. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे फुकटे आत घुसणार नाहीत."

"छे, शक्यच नाही."

त्यांनी लगेच सेक्रेटरींना फोन लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "वा, खेळायच्या आधीच व्यायाम! मी चार शिड्या सांगून टाकतो."

अध्यक्षांनी पेन उघडलं. "कुठे सही करू? दुपारीच कारखान्यात लोखंडी सांगाडा कापायला देतो."

मी बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे पेन्सिलीला टोक करत होती.

"अगं, बोल ना काहीतरी," मी पुटपुटलो.

"मी आकड्यांपुरतीच."

पेन कागदाला टेकलं. चार मीटर उंच शिडी आणि हे गुडघे डोळ्यांसमोर आले, आणि माझा धीर सुटला.

"थांबा साहेब. दार काढायचं मी साफ विसरलो. शिडीचं आत्ताच सुचलं."

काम गेलं असं मी धरून चाललो. तेवढ्यात बायकोने खण उघडून दुसरा कागद काढला. तेच कोर्ट, नेटपाशी दोन्ही बाजूंना मोकळी वाट, सगळी मापं लिहिलेली.

"हे कधी केलंस?"

"तुम्ही आंघोळीत गात होतात तेव्हा. म्हटलं, तोंडाने कबूल करताय का ते तरी बघू."

अध्यक्षांनी तो कागद निरखून पाहिला आणि त्यावर सही ठोकली. मला तर तिचे पाय धरावेसे वाटले. गुडघे सांभाळत ते उठले.

"वहिनी, पुढची दोन कोर्टंही तुम्हीच काढा. पण मग हे काय करतात तुमच्या ऑफिसात?"

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. "मोठ्या नकाशाची घडी ह्यांच्यासारखी कुणाला जमत नाही."

ते मात्र खरं आहे. नकाशाच्या कोपऱ्यातली नावाची पट्टी घडीत बरोब्बर वर येते.